खुर्चीपुरती दुर्बीण

रविवारी बायको घरात असावी, ही काही फार मोठी मागणी नव्हे. इन्स्पेक्टरसाहेबांची आयुष्याकडून आता तेवढीच मागणी उरली होती, आणि नेमकी तीच पुरी होत नव्हती. एका मेळ्यात त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, गंमत म्हणून छर्‍याची बंदूक हातात घेतली, ओळीनं सगळे फुगे फोडले, दुकानदारानं हात जोडून "ताई, आता दुसर्‍या दुकानाचा विचार करा" असं सांगितलं, आणि तेव्हापासून वहिनींचा रविवार नेमबाजी क्लबाच्या नावावर झाला.

इन्स्पेक्टरसाहेब म्हणजे पोलीस नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. ते वजनमाप खात्यातले. बाजारातल्या तराजूंवर खात्याचा शिक्का आहे की नाही, किलोचं वजन खरोखर किलोभर भरतं की नाही, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. नवखा माणूस 'इन्स्पेक्टर' शब्द ऐकून सावरून बसे आणि खातं कळल्यावर पुन्हा सैल पडे. ते सैल पडणं साहेबांना मनापासून लागत असे. वहिनी शाळेत गणित शिकवायच्या, त्यांना मात्र कुणी खातं विचारत नसे.

सुरुवातीला साहेब कौतुकानं क्लबात जात. पण तिथला नियम असा, की गोळीबाराच्या ओळीत फक्त नेमबाज. बाकीच्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, काचेआड बसायचं. तिथं शाळकरी नेमबाजांच्या आया बसलेल्या असत. त्या साहेबांना आपल्यात सामावून घेत, लोकरीचा गुंडा धरायला देत, आणि "तुमची मुलगी कुठल्या वर्गात?" असं विचारत. काचेपलीकडे वहिनींची फक्त पाठ दिसे. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायकोची पाठ ओळखू येते हे खरं, पण रविवारभर ती पाहत बसण्यासाठी कुणी लग्न करत नाही.

अशात क्लबाच्या फलकावर जोडी-सामन्याची सूचना लागली. जोडीतल्या एकानं गोळी झाडायची. दुसर्‍यानं, म्हणजे 'निरीक्षकानं', त्याच्या मागं खुर्ची टाकून दुर्बिणीतून लांबचा कागद बघायचा आणि गोळी कुठं लागली ते हळूच सांगायचं. निरीक्षक घरचा माणूस हवा आणि दुर्बीण स्वतःची हवी. नियमित सराव करणार्‍या जोडीला ती खुर्ची वर्षभर ओळीत ठेवायला मिळणार होती.

साहेबांनी 'निरीक्षक' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला. हा तर त्यांचा हुद्दाच होता.

"अगं, आपण नाव देऊया," ते घरी येऊन म्हणाले.

"द्या की," वहिनी वह्या तपासत म्हणाल्या, "पण दुर्बीण?"

"ती मी बघतो."

हे तीन शब्द साहेबांनी याआधी गिझरच्या वेळी आणि स्वयंपाकघराच्या ओट्याच्या वेळी उच्चारले होते. वहिनींनी मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वह्यांत घातली.

क्लबातल्या दुकानात चांगली दुर्बीण होती. तिची किंमत ऐकून साहेबांनी ती दोन्ही हातांनी, झोपलेलं बाळ ठेवावं तशी काउंटरवर परत ठेवली. तेवढ्या पैशांत आख्ख्या न्हाणीघराच्या फरशा बदलून झाल्या असत्या. मग सल्ले घेणं आलं. सल्ल्यांचं एक बरं असतं, ते मागावे लागत नाहीत. जिन्यात नुसतं 'दुर्बीण' म्हटलं तरी पुरतं.

वरच्या मजल्यावरच्या पक्षीवाल्या काकांनी साहेबांना सोफ्यावर बसवून घेतलं. "रंग हिरवाच घ्या," ते कुजबुजले. "पांढरी घेतलीत तर उडून जातील."

"काका, मला कागद बघायचाय."

"तरी हिरवाच घ्या. सवय चांगली."

मेव्हण्याचं मत वेगळं होतं. त्याची मतं नेहमीच वेगळी असत आणि फोनवरून येत. "भावजी, दुर्बीण पटावर घ्यायची, किती पट मोठं दिसतं त्यावर. जितके जास्त पट, तितकी भारी. बाकी सगळी दुकानदारांची बडबड." पुढं साहेबांनी एका दुकानात भरपूर पटांची स्वस्त दुर्बीण डोळ्याला लावून पाहिली, तर समोर नुसतं धुकं दिसलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढ्या लांबचं एवढं मोठं म्हटल्यावर थोडं धुकं असणारच."

शेवटी साहेबांनी संगणकावर एक बेताची, आटोपशीर, हिरवी दुर्बीण निवडली आणि मागवली. ती आली, पण घरी आली नाही. पार्सल कचेरीत अडकून बसली. कारण खोक्यावर ठळक अक्षरांत 'नेमबाजीसाठी स्कोप' असं छापलेलं होतं.

"शस्त्राचा परवाना दाखवा," खिडकीतला कारकून म्हणाला.

"शस्त्र नाही हो, दुर्बीण आहे."

"स्कोप म्हणजे बंदुकीवर बसवतात तो. सिनेमात बघितलाय मी."

"हा बंदुकीवर बसत नाही. तिपाईवर बसतो."

"मग तसं प्रमाणपत्र आणा, वस्तू बघून दिलेलं."

"वस्तू तर तुमच्याकडे आहे. ती दाखवायची कशी?"

"सोडवून न्या आणि दाखवा."

"मग द्या ना सोडवून."

"प्रमाणपत्र आणा."

असं बराच वेळ चाललं. अखेर साहेबांनी नाइलाजानं ओळखपत्र काढलं. 'इन्स्पेक्टर' एवढंच वाचून कारकून उठून उभा राहिला, आतून खोकं घेऊन आला, चहाचं विचारलं. खोकं काउंटरवर होतं. साहेबांनी फक्त सही करून घरी जायचं होतं. एवढंच करायचं होतं! पण कारकुनानं नियमाप्रमाणे खोकं तराजूवर ठेवलं, आणि साहेबांची नजर सवयीनं तराजूच्या कडेला गेली.

"याच्यावर शिक्का कुठाय?" साहेब म्हणाले.

पुढं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. तराजू जप्त झाला नाही, पण तो नव्यानं तपासून शिक्का मारून येईपर्यंत कचेरीत काहीही वजन करता येणार नाही असं ठरलं, आणि ज्याचं वजन झालेलं नाही ते पार्सल देता येत नाही असंही ठरलं. कारकुनानं हे अतिशय शांतपणे, चेहर्‍यावर समाधान घेऊन सांगितलं. हिरवी दुर्बीण जिथून आली तिथं परत गेली.

"तुम्हाला शिक्का आत्ताच बघायचा होता?" वहिनींनी विचारलं.

"कर्तव्य आहे," साहेब म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता. सामना तोंडावर आला होता, आणि त्यांना पुन्हा लोकरीचे गुंडे दिसायला लागले होते.

देव पावला तो गल्लीच्या टोकाला राहणार्‍या निवृत्त भूगोलाच्या गुरुजींच्या रूपानं. त्यांच्या माळ्यावर लांबलचक पांढरी दुर्बीण पडून होती. चंद्राचे खड्डे बघून झाले होते, शनीची कडी बघून झाली होती, आता गुडघ्यांमुळं गच्चीवर जाणं जमत नव्हतं. गुरुजींनी ती अगदी नाममात्र पैशांत देऊन टाकली. "एकच सांगतो," ते निरोप देताना म्हणाले, "हिच्यात सगळं उलटं दिसतं."

"उलटं म्हणजे?"

"वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. आकाशात काय फरक पडतो? चंद्राला कसलं आलंय डोकं आणि कसले पाय!"

साहेबांनी बाल्कनीत तिपाई मांडून पाहिलं, तर समोरच्या इमारतीतल्या बाई डोक्यावर उभ्या राहून कुंड्यांना पाणी घालत होत्या आणि पाणी झारीतून वर चाललं होतं. साहेब खचले नाहीत. माप चुकीचं असलं तरी नेहमी एकाच रीतीनं चुकत असेल, तर हिशेब बरोबर काढता येतो, हे त्यांना खात्यानंच शिकवलं होतं. कुंपणाजवळच्या पंपाच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी वहिनींचा जुना, भोकं पडलेला कागद चिकटवला आणि बाल्कनीतून सराव सुरू केला. भोक वर-उजवीकडे दिसलं, की म्हणायचं, "खाली, डावीकडे."

सराव इतका मुरला की एकदा ते टॅक्सीवाल्याला "डावीकडे, म्हणजे उजवीकडे" असं सांगत भलत्याच पेठेत पोचले. ऑफिसात फाईल वरच्या कप्प्यात आहे म्हणून शिपायाला खालच्या कप्प्यात पाठवलं. पण कागद मात्र अचूक वाचता येऊ लागला.

तेवढ्यात समोरच्या बाईंची तक्रार आली. एक गृहस्थ बाल्कनीत तोफेएवढी नळी लावून दिवसभर आमच्याकडे बघतात, अशी. त्या स्वतःच दोन बायका घेऊन जिना चढून आल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. सचोटीनं नोकरी केलेल्या माणसाच्या बाबतीत असा संशय! ते "मी कागद... पंपाच्या खोलीवर..." असं काहीतरी बोलू लागले. वहिनींनीच पुढं होऊन म्हटलं, "बघा ना तुम्हीच, काय दिसतं ते."

बाईंनी डोळा लावला, नळी इकडेतिकडे फिरवली आणि एका जागी रोखून धरली. मग म्हणाल्या, "अगंबाई! यांनी सिगरेट सोडली होती ना?"

त्यांचे यजमान स्वतःच्या बाल्कनीत, कुंड्यांच्या आड, डोकं खाली पाय वर करून, मजेत धूर काढत होते. बाई तरातरा खाली उतरून गेल्या. त्यानंतर त्यांची तक्रार राहिली नाही, त्यांच्या यजमानांची मात्र कायम राहिली.

सामन्याच्या सकाळी साहेब इस्त्रीचे कपडे घालून, पांढरी नळी खांद्यावर टाकून क्लबात गेले. शेडमधल्या आयांनी काचेआडून हात हलवले. साहेबांनी मान किंचित झुकवली, तेवढीच. वहिनींची जागा ओळीत अगदी डावीकडची होती. त्यांच्या मागं साहेबांनी खुर्ची टाकली आणि बसले. इथून वहिनींची पाठ दिसत होतीच, पण कानामागची बट दिसत होती, बंदूक गालाला लावण्यापूर्वी त्या ओठ आवळतात तेही दिसत होतं. साहेबांना खूप बरं वाटलं. एवढ्यासाठीच तर सगळा उपद्व्याप होता.

उजवीकडच्या जागेवर दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या मागं निरीक्षक म्हणून त्यांच्या सौ. होत्या. त्यांनी एकदा दुर्बिणीला डोळा लावला, "छान आहे" म्हणाल्या, आणि विणकामाची पिशवी उघडली.

साहेबांनी पांढर्‍या नळीतून पाहिलं. गोल चकतीत दोन कागद शेजारी शेजारी दिसत होते. वहिनींची जागा सगळ्यात डावीकडची. म्हणजे डावीकडचा कागद आपला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि साहेबांनी तो केला नाही. बाल्कनीतून सराव करताना भिंतीवर कागद एकच होता. भोकांची डावी-उजवी उलटी करायची हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं, पण आख्खे कागदही एकमेकांच्या जागी जाऊन बसतात, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

धाडधाड गोळ्या सुटू लागल्या.

"आठ," साहेब कुजबुजले. "खाली, डावीकडे."

साहेबांची कुजबुज ही बाजारात घडलेली कुजबुज होती. भाजीवाल्यांच्या कालव्यात "पन्नास ग्रॅम कमी!" हे पलीकडच्या रांगेपर्यंत पोचवणारा तो गळा. वहिनींनी कपाळाला आठी घातली. गोळी चांगली सुटल्यासारखं वाटलं होतं. पण एवढी वर्षं संसार केलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी बंदुकीवरचा, नेम जुळवायचा स्क्रू दोन खटके फिरवला. शेजारी डॉक्टरांनीही आपला स्क्रू दोन खटके फिरवला.

"नऊ. सुधारलं. अजून जरा वर घे."

दोघांनी अजून एक खटका फिरवला.

"दहा!" साहेबांना राहवेना. "मधोमध! शाब्बास! परत दहा! अगं, कमाल करतेस तू!"

डॉक्टरांची मान अभिमानानं ताठ झाली. वहिनींची आठी काही जाईना. पण आकडे उत्तम येत होते, आणि मागून येणारा तो आनंदी आवाज त्यांना आवडतही होता. त्या तशाच झाडत राहिल्या.

"दहा!" साहेब म्हणाले. "काय सुंदर बसली ही!"

वहिनींनी गाल बंदुकीवरून न उचलता हळूच विचारलं, "कुठली?"

"आत्ता झाडलीस ती."

"मी अजून झाडलेली नाही."

साहेबांनी पुन्हा डोळा लावला. तेवढ्यात शेजारी धाड झालं आणि डावीकडच्या कागदावर, अगदी मधोमध, अजून एक भोक पडलं. त्यांनी पहिल्यांदाच उजवीकडच्या कागदाकडे नीट पाहिलं. तिथं बिचारी भोकं सगळी मधे सोडून एका कोपर्‍यात गोळा झाली होती. तिकडं त्यांना साहेबांनीच पाठवलं होतं.

"अगं," ते म्हणाले, आणि ही कुजबुज मात्र खरी कुजबुज होती, "मी डॉक्टरांचा कागद बघतोय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

वहिनींनी डोळे मिटले. मग उघडले, स्क्रू होता तिथं परत फिरवला आणि म्हणाल्या, "आता एक अक्षर बोलायचं नाही."

साहेब खुर्चीत शक्य तेवढे लहान होऊन बसले. आपल्या एका डोळ्यानं बायकोचा सामना घालवला, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की शेडमधला लोकरीचा गुंडा हीच आपली लायकी, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. वहिनी पुढच्या गोळ्या आपल्या मनानं झाडत होत्या. शेजारी डॉक्टर मात्र अस्वस्थ झाले. दोनदा त्यांनी मान वळवून साहेबांकडे आशेनं पाहिलं. शेवटी न राहवून म्हणाले, "थांबलात का? आता कुठे पडतायत?"

निकाल लागला. डॉक्टर पहिले, वहिनी दुसर्‍या, आणि दोघांत अंतर अगदी थोडं. टाळ्या वाजल्या. डॉक्टर मंचावर गेले, पण सरळ माणूस. त्यांनी करंडक हातात घेण्याआधीच सांगून टाकलं, "माझी सौ. काही बोलली नाही. मला सगळं त्या पलीकडच्या साहेबांनी सांगितलं. मला वाटलं, क्लबातर्फे सोय आहे."

"मी म्हटलं, कुणीतरी सांगतंय, तर मी कशाला मधे बोलू?" विणकाम न थांबवता सौ. म्हणाल्या.

क्लबाचे सचिव पूर्वी कोर्टात होते. नियम म्हटला की त्यांच्या अंगात येई. त्यांनी नियमावली काढली, चष्मा चढवला आणि वाचलं, की गोळीची जागा जो प्रत्यक्ष सांगतो, तोच त्या नेमबाजाचा निरीक्षक. "म्हणजे डॉक्टरांचे निरीक्षक हे साहेब. फक्त निरीक्षक घरचा हवा. डॉक्टर, यांचं-तुमचं काही नातं?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "यांची अक्कलदाढ मी काढली आहे."

सचिवांनी बराच वेळ नियमावली चाळली आणि नात्याला मान्यता दिली. अशा रीतीनं इन्स्पेक्टरसाहेब सामन्यात पहिले आले आणि आपल्या बायकोला त्यांनी हरवलं. फोटोसाठी त्यांना डॉक्टरांशेजारी वरच्या पायरीवर उभं केलं. खालच्या पायरीवर वहिनी एकट्याच, 'निरीक्षकाविना' असा खास उल्लेख होऊन. फोटोत सगळे हसतायत. साहेब करंडकाच्या मागं तोंड लपवतायत.

घरी जाताना, डॉक्टरांनी साहेबांना बळेच दिलेला करंडक वहिनींनीच सांभाळला. कुलूप उघडून आत आल्या, करंडक टीव्हीवर ठेवला, त्याच्याकडे पाहिलं आणि एकदम खाली बसून हसायला लागल्या. "मी अजून झाडलेली नाही..." एवढं म्हणायच्या आणि पुन्हा पदर तोंडाला लावायच्या. साहेबांना आधी राग आला, मग तेही शेजारी बसले, आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण हसून झाल्यावरही खुर्चीचा प्रश्न होताच. तो काढायची साहेबांना हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी सकाळीच डॉक्टरांचा फोन आला. "साहेब, पुढच्या सामन्यालाही तुम्हीच बसा माझ्या मागं. दुर्बीण माझी, परदेशी. खुर्चीला गादी आहे. तुमच्यासारखा निरीक्षक मिळत नाही हो कुठं." इतक्या आदरानं आजवर साहेबांशी कुणीच बोललं नव्हतं, खात्यातसुद्धा नाही. "घरी विचारून कळवतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवून सोफ्यावर बसून राहिले. बाजूला पांढरी नळी उभी होती. ती गुरुजींना परत करावी, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

वहिनी बंदुकीची पिशवी खांद्याला लावून दारात आल्या. "अजून कपडे नाही बदललेत? उशीर होतोय."

"मी येऊन काय करू?" साहेब म्हणाले. "डॉक्टर बोलावतायत त्यांच्या मागं बसायला. गादी आहे म्हणे."

"काही नको गादीबिदी. नाव आपल्या जोडीचं आहे. मी मघाशीच सचिवांना फोन करून आपली खुर्ची टाकायला सांगितलीय."

साहेब ताडकन उठले. मग ते भीत भीत म्हणाले, "अगं, पण माझं हे असं... तू परत माझं ऐकून झाडणार?"

"ऐकणार नाही. तुम्ही बोलायचंच नाही."

"मग दुर्बीण?"

"ती आणा ना. दुर्बिणीशिवाय ते तुम्हाला तिथं बसू देणार नाहीत." वहिनी वाकल्या, जमिनीवर पडलेलं काळं झाकण उचललं आणि नळीच्या तोंडावर नीट दाबून बसवलं. "फक्त हे काढायचं नाही. चला."